‘किती’ आणि ‘कोण’ : शासकीय कुटुंब-पाहण्यांचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : उमरेड, जि. नागपूर)

सारांश :

शासन कुटुंबाकडे दोन प्रकारच्या प्रश्नांसाठी जाते. पहिला प्रश्न ‘किती’ हा आहे : किती लोक, किती गरीब, किती बेरोजगार. दुसरा प्रश्न ‘कोण’ हा आहे : कर कोणी द्यावा, धान्य कोणास मिळावे, घरकुल कोणास मंजूर व्हावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज मुख्यतः नमुना पाहणीतून, तर दुसऱ्याचे घरोघरच्या यादीतून मिळते. या दोन पद्धतींचा इतिहास, त्यांतील व्याख्यांचे बदल आणि दोहोंची एकमेकींशी पडलेली गाठ यांचा विचार प्रस्तुत लेखात उमरेड या तालुक्याच्या ठिकाणाच्या संदर्भात केला आहे.

बीजसंज्ञा : खानेसुमारी, जनगणना, राष्ट्रीय नमुना पाहणी, दारिद्र्यरेषा, कुटुंबाची व्याख्या, उमरेड.

१. प्रस्तावना

जनगणनेसाठी मराठीत जुना शब्द ‘खानेसुमारी’ हा आहे. फारसीतील ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमारी’ म्हणजे मोजणी. याच अर्थाने ‘शिरगणती’ हा दुसरा शब्दही रूढ होता. एका शब्दात घर मोजले जाते, दुसऱ्यात माणूस. शासकीय पाहण्यांच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न या दोन शब्दांतच आलेला आहे. शासनाला माणसांची माहिती हवी असते. परंतु ती मिळविण्यासाठी त्याला घराच्या दाराशी जावे लागते आणि घर म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते.

महाविद्यालयीन अध्यापनात आणि संशोधनात जनगणना, राष्ट्रीय नमुना पाहणी किंवा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी यांची आकडेवारी नित्य वापरली जाते. मात्र हे आकडे कोणत्या प्रश्नातून, कोणत्या व्याख्येने आणि कोणत्या हेतूने जमा झाले याचा विचार त्या प्रमाणात होत नाही. परिणामी तालुक्याच्या पातळीवरील अभ्यासात राज्याचे आकडे तालुक्यास लावणे, दोन जनगणनांतील भिन्न व्याख्यांची थेट तुलना करणे, लाभार्थी यादीलाच दारिद्र्याचे मापन समजणे अशा उणिवा राहून जातात.

उमरेडची निवड करण्यास कारण आहे. आंब नदीवरील हे गाव ब्रिटिश काळात नागपूर जिल्ह्यातील चार तहसिलींपैकी एका तहसिलीचे मुख्य ठिकाण होते. इतर तीन म्हणजे नागपूर, रामटेक व काटोल. १८६७ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. रेशीमकाठी धोतरे विणणाऱ्या विणकरांचे गाव म्हणून त्याची ख्याती होती. पुढे परिसरात कोळशाच्या उघड्या खाणी आल्या आणि नागपूरच्या श्रमबाजाराशी गाव जोडले गेले. १९०१ मध्ये १५,९४३ असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ५३,९७१ झाली. विणकरी, शेती, खाण आणि शहरी रोजगार असे चारही थर एकाच ठिकाणी असल्यामुळे पाहणीच्या रकान्यांचे सामर्थ्य आणि मर्यादा येथे एकत्र पाहता येतात.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व मर्यादा

(१) नागपूर प्रदेशातील घरोघरच्या शासकीय मोजणीचा विकास पाहणे. (२) जात, व्यवसाय व कुटुंब यांच्या व्याख्यांतील बदलांचे परिणाम तपासणे. (३) नमुना पाहणी आणि लाभार्थी गणना यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.

लेखाची पद्धती ऐतिहासिक व विवेचनात्मक असून ती प्रकाशित साधनांवर आधारलेली आहे. उमरेड तालुक्याची नवी क्षेत्रीय आकडेवारी सादर करणे हा लेखाचा हेतू नाही.

३. कराची मोजणी ते जनगणना

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत शेतसाऱ्याखेरीज बिगरशेती वर्गावर ‘पंढरी’ नावाचा कर असे. गावाची काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती, या भेदातून हे नाव आलेले आहे. कारागीर, व्यापारी व इतर बिगरशेती रहिवासी यांच्यावर तो बसविला जाई. उमरेडसारख्या विणकरांच्या वस्तीत अशा आकारणीसाठी घर आणि धंदा यांची माहिती राखणे भागच होते. यातील प्रश्न ‘कोण’ हाच होता. एकूण विणकर किती हे जाणून घेण्याची गरज दरबारास दुय्यम होती. कोणत्या घराकडून किती रक्कम यावयाची हे महत्त्वाचे होते. ब्रिटिश अंमलातही हा कर पुढे कित्येक दशके चालू राहिला.

नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांनी १८२७ मध्ये नागपूर राज्याविषयी सविस्तर अहवाल तयार केला. प्रदेश, लोक, जमीनमहसूल व प्रशासन यांचे वर्णन एकत्रितपणे करण्याचा तो या भागातील आरंभीचा मोठा प्रयत्न होता. तिसरे रघूजी भोसले यांचे डिसेंबर १८५३ मध्ये निधन झाल्यानंतर राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. रिचर्ड टेंपल हे मुख्य आयुक्त असताना नोव्हेंबर १८६६ मध्ये या प्रांतात जनगणना झाली. म्हणजे अखिल भारतीय प्रयत्नापूर्वीच मध्य प्रांताने घरोघर मोजणीचा अनुभव घेतलेला होता. त्यानंतर १८७२ ची गणना झाली आणि १७ फेब्रुवारी १८८१ रोजी देशभर एकाच वेळी पहिली जनगणना पार पडली. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होणारी ही मोजणी खंडित झाली नव्हती.

करासाठी होणाऱ्या नोंदीत आणि जनगणनेत एक महत्त्वाचा फरक होता. जनगणनेने प्रथमच असे आश्वासन दिले की, दिलेल्या उत्तरावरून त्या घरावर काही लादले जाणार नाही. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या जनगणना अधिनियमाने या आश्वासनास कायद्याचे रूप दिले. त्याच्या कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी कोणास पाहता येत नाहीत आणि सामान्यतः न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत. ‘किती’ या प्रश्नाचे खरे उत्तर हवे असेल तर त्यापासून ‘कोण’ हा प्रश्न दूर ठेवला पाहिजे, ही जाणीव या तरतुदीमागे आहे.

४. जातीचा रकाना

जनगणनेने व्यक्तीची नोंद गुप्त ठेवली, तरी समूहाची नोंद उघड केली. मध्य प्रांतात १९०१ च्या जनगणनेचे अधीक्षक आर. व्ही. रसेल हे होते. पुढे त्यांनी रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जनगणनेतील वर्गीकरण आणि वंशवर्णनपर लेखन यांचा निकटचा संबंध या ग्रंथात दिसतो. कोष्टी या विणकर जातीच्या विवेचनात तिच्या उपविभागांत हलबी हेही नाव आलेले आहे. त्या काळी ही नोंद केवळ वर्णनासाठी होती. तीवर कोणाचे शिक्षण वा नोकरी अवलंबून नव्हती.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९५० च्या आदेशान्वये अनुसूचित जमातींच्या याद्या तयार झाल्या. हलबा जमातीचे नाव यादीत होते. परंतु विदर्भात ही मान्यता ठराविक तहसिलींपुरती मर्यादित होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रीय बंधन उठले. त्यानंतरच्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ मधील सुमारे २९.५ लाखांवरून १९८१ मध्ये सुमारे ५७.७ लाखांवर गेली. राज्याची एकूण लोकसंख्या त्या दशकात सुमारे एकचतुर्थांशाने वाढली असता या गटाची जवळजवळ दुपटीने वाढावी, हे जन्म-मृत्यूच्या हिशेबाने शक्य नाही. क्षेत्रबंधनामुळे आधी वगळल्या गेलेल्या आदिवासींचा समावेश हे त्याचे मोठे कारण होते. नामसाधर्म्यावरून झालेल्या नोंदींचा वादही त्यातूनच वाढला. कारण कोणतेही धरले तरी एक गोष्ट निश्चित होते. रकान्याची व्याख्या बदलली की माणसे त्याच जागी राहूनही आकडा बदलतो.

नागपूर, उमरेड, भंडारा या पट्ट्यातील विणकर समाजाच्या दृष्टीने हा विषय केवळ सांख्यिकीचा राहिला नाही. हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत अंतर्भूत मानावेत काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. २८ नोव्हेंबर २००० च्या निर्णयात न्यायालयाने राष्ट्रपतींच्या आदेशातील नोंद जशी आहे तशीच वाचली पाहिजे, पुराव्याच्या आधारे तिच्यात भर घालता येत नाही, असे ठरविले. मात्र अंतिम झालेले प्रवेश व नेमणुका अबाधित ठेवल्या. एकेकाळी ‘किती’ आणि ‘कसे’ हे सांगण्यासाठी वापरलेली नावे अर्ध्या शतकानंतर ‘कोण’ या प्रश्नाची कसोटी बनली. १९३१ नंतर सर्व जातींची पूर्ण आकडेवारी जनगणनेतून प्रसिद्ध न झाल्यामुळे या वादांना अद्ययावत आधारही उपलब्ध नव्हता.

५. व्यवसायाचा रकाना आणि विणकराचे घर

विणकराच्या घरात माग एक असला तरी श्रम अनेकांचे असतात. ताणा तयार करणे, रहाटावर कांड्या भरणे, सुताला खळ देणे ही कामे घरातील स्त्रिया, मुले व वृद्ध करीत. माग चालविणारा पुरुष ‘विणकर’ म्हणून नोंदला जाई. इतरांचे काय, हा प्रश्न प्रत्येक जनगणनेत निराळ्या रीतीने सुटला.

१९६१ च्या जनगणनेत ‘घरगुती उद्योग’ हा स्वतंत्र वर्ग आला आणि कामाची व्याख्या बरीच उदार होती. १९७१ मध्ये व्यक्तीचा ‘मुख्य’ उद्योग कोणता असा प्रश्न केंद्रस्थानी आला. स्वयंपाक व मुले सांभाळून कांड्या भरणाऱ्या स्त्रीने आपला मुख्य उद्योग ‘घरकाम’ सांगितला की ती कामकऱ्यांच्या यादीतून बाहेर पडे. देशातील स्त्री-कामकऱ्यांची संख्या १९६१ मधील सुमारे ५.९ कोटींवरून १९७१ मध्ये सुमारे ३.१ कोटींवर आली. दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी काम सोडले असे कोणीही म्हणणार नाही. या घटीचा मोठा भाग व्याख्येतील बदलाचा होता. १९८१ पासून ‘मुख्य’ व ‘सीमांतिक’ कामकरी असा भेद करून ही उणीव अंशतः भरून काढण्यात आली.

याच सुमारास नमुना पाहणीनेही आपली पद्धत सुधारली. प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने बेरोजगारीचे एकच ढोबळ मापन पुरेसे नसल्याचे दाखविले. त्यानुसार १९७२-७३ च्या २७ व्या फेरीपासून नेहमीची, साप्ताहिक व दैनिक अशा तीन स्थितींनुसार रोजगाराची नोंद सुरू झाली. या पाहणीच्या संकेतांकांत ९२ हा केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी, तर ९३ हा घरकामाबरोबर सरपण-वैरण गोळा करणे, शिवण, विणकाम इत्यादी कामे घरच्या वापरासाठी करणाऱ्यांसाठी ठेवला गेला. हे दोन्ही संकेतांक श्रमबलाच्या बाहेरचे आहेत. बाजारासाठी कांड्या भरणारी स्त्री श्रमबलात आणि घरासाठी तेच करणारी बाहेर, अशी ही विभागणी आहे. अन्वेषकाने आणखी एक प्रश्न विचारला की नाही यावर स्त्री कोणत्या बाजूस पडेल हे ठरते. २०१९ व २०२४ मधील वेळ-वापर पाहण्यांनी चोवीस तासांचा हिशेब घेऊन या श्रमाचा काही भाग दृश्य केला, ही अलीकडील महत्त्वाची प्रगती होय.

६. नमुना पाहणीचा उदय

स्वातंत्र्यानंतर नियोजनासाठी लोकांचे उत्पन्न, उपभोग व रोजगार यांची माहिती हवी होती. दहा वर्षांतून एकदा होणारी जनगणना त्यासाठी पुरेशी नव्हती. १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस हे होते, प्रा. धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. आकडेवारीतील उणिवा भरून काढण्याच्या गरजेतून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या पहिल्या फेरीसाठी १,८३३ गावे निवडण्यात आली आणि तिच्या कामात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचाही सहभाग होता. महाराष्ट्रात प्रत्यक्ष घरोघर जाऊन आर्थिक माहिती जमविण्याची परंपरा त्यापूर्वीची होती. डॉ. हॅरॉल्ड मान यांचा पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि गोखले संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती.

नमुना पाहणीची कार्यपद्धती थोडक्यात अशी सांगता येईल. प्रथम जनगणनेतील गावांच्या यादीतून व शहरी भागात नागरी गटांच्या आधारसंचातून गावे व गट यादृच्छिक रीतीने निवडले जातात. मोठे गाव असल्यास त्याचे वस्ती-गट पाडतात. निवडलेल्या ठिकाणच्या सर्व घरांची यादी करून कुटुंबांचे स्तर पाडले जातात आणि प्रत्येक स्तरातून ठरावीक कुटुंबे निवडली जातात. कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणाऱ्या व एका चुलीवर जेवणाऱ्या व्यक्तींचा गट. त्यानंतर अन्वेषक अनुसूचीनुसार प्रश्न विचारतो. निवडलेल्या घराऐवजी सोयीचे शेजारचे घर घेण्यास त्यास मुभा नसते; पद्धतीची सर्व विश्वसनीयता या एका शिस्तीवर उभी आहे.

प्रश्न विचारणे हे दिसते तितके सोपे नाही. आरंभीच्या फेऱ्यांत अन्वेषकांपुढे स्थानिक मापांची अडचण होती. पायली, कुडव, खंडी ही मापे प्रदेशागणिक वेगळी असत. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे रूढ होईपर्यंत त्यांचे रूपांतर करणे हे स्वतंत्र कामच होते. घरच्या शेतातील ज्वारी, मजुरीत मिळालेले धान्य, लग्नात झालेला खर्च यांची किंमत लावावी लागे. संदर्भ कालावधीचा प्रश्न तर आजतागायत चर्चेत आहे. मागील तीस दिवसांत किती तांदूळ खाल्ला आणि मागील सात दिवसांत किती खाल्ला, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून महिन्याचा खर्च वेगवेगळा निघतो. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत दोन्ही कालावधी एकाच अनुसूचीत आल्याने त्या फेरीतील दारिद्र्याच्या अंदाजाची आधीच्या फेऱ्यांशी तुलना करता येते काय, यावर दीर्घ वाद झाला.

याखेरीज उमरेडच्या अभ्यासकास सीमांचाही विचार करावा लागतो. १९५०-५१ च्या पहिल्या फेरीत हा प्रदेश मध्य प्रदेश राज्यात मोडत होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जिल्ह्यातील चार तहसिलींचे आज चौदा तालुके झाले असून भिवापूर हा भाग उमरेडपासून वेगळा झाला आहे. त्यामुळे ‘उमरेड तालुका’ या नावाखालील जुने व नवे आकडे एकाच भूभागाचे नाहीत.

७. दारिद्र्याची रेषा : अंदाज आणि यादी

नमुना पाहणीच्या उपभोग खर्चाच्या आकडेवारीचा सर्वांत प्रभावी वापर महाराष्ट्रातच झाला. प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘भारतातील दारिद्र्य’ या अभ्यासात १९६०-६१ च्या आकडेवारीवरून ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये व शहरी भागात २२.५० रुपये ही किमान खर्चाची पातळी धरली. त्यानुसार ग्रामीण लोकसंख्येतील सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येतील सुमारे ५० टक्के लोक या पातळीखाली असल्याचे त्यांनी दाखविले. पुढे अलघ, लकडावाला, तेंडुलकर व रंगराजन यांच्या गटांनी व समित्यांनी रेषेची निश्चिती नव्याने केली. आधार मात्र नमुना पाहणीचाच राहिला.

या अंदाजाचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. राज्यात अमुक टक्के लोक गरीब आहेत असे नमुना पाहणी सांगते. ते कोण आहेत हे ती सांगत नाही, आणि तिच्या गुप्ततेच्या नियमानुसार तिने सांगूही नये. परंतु कल्याणकारी योजनांना नावे लागतात. म्हणून ग्रामीण भागात १९९२, १९९७ व २००२ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची स्वतंत्र गणना झाली. १९९२ मध्ये वार्षिक उत्पन्न ११,००० रुपये ही कसोटी होती. उत्पन्न विचारून खरे उत्तर मिळत नाही, या अनुभवावरून २००२ मध्ये तेरा निर्देशक ठरविण्यात आले : जमीन, घर, कपडे, अन्नसुरक्षा, शौचालय, टिकाऊ वस्तू, साक्षरता, श्रमाची स्थिती, उपजीविकेचे साधन, मुलांची स्थिती, कर्ज, स्थलांतर आणि अपेक्षित साहाय्य. प्रत्येकास ० ते ४ गुण, एकूण ५२.

येथे ‘किती’ आणि ‘कोण’ यांची थेट गाठ पडली. गुणांची यादी गावात तयार झाली. पण कोणत्या गुणाशी रेघ ओढावी हे गावाने ठरविले नाही. एकूण कुटुंबांची संख्या नियोजन आयोगाच्या अंदाजाच्या चौकटीत, फार तर दहा टक्के अधिक, बसविण्याचे बंधन होते. तो अंदाज नमुना पाहणीतून आलेला होता. म्हणजे तांदळाचा हिशेब सात दिवसांचा विचारावा की तीस दिवसांचा, या दिल्लीतील तांत्रिक निर्णयाचा परिणाम खेड्यातील विधवेचे नाव यादीत येण्यावर होऊ शकत होता. तिला तो संबंध कळण्याचा मार्ग नव्हता. तिचा राग ग्रामसेवकावर वा सरपंचावर निघे. नमुना पाहणीच्या अंदाजात त्रुटीची मर्यादा असते आणि ती मान्य केली जाते. यादीत मात्र एका गुणाने बाहेर राहिलेल्या कुटुंबास अशी कोणतीही मर्यादा लागू होत नाही.

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी व शुभ्र अशी तिरंगी शिधापत्रिका योजना लागू झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाखाली राज्यातील ग्रामीण ७६.३२ टक्के व शहरी ४५.३४ टक्के लोकसंख्या समाविष्ट करण्याचे ठरले. हे प्रमाण २०११-१२ च्या उपभोग खर्च पाहणीवरून निघाले. व्यक्तींची निवड मात्र राज्य शासनाने आपल्या निकषांवर केली. वरून संख्या आणि खालून नाव हीच रचना येथेही कायम राहिली.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेने गुणांची पद्धत सोडून आपोआप वगळणे, आपोआप समाविष्ट करणे आणि सात वंचितता-निकष अशी त्रिस्तरीय रचना स्वीकारली. ही गणना १९४८ च्या जनगणना अधिनियमाखाली झाली नाही. वैयक्तिक सामाजिक-आर्थिक माहिती प्रसिद्ध करून हरकती मागविणे हा तिचा भागच होता. २०१५ मध्ये ग्रामीण आकडे जाहीर झाले आणि प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) तसेच २०१८ ची आयुष्मान भारत योजना यांसाठी ते वापरले गेले. ग्रामसभेत ‘ड यादी’च्या वाचनाच्या वेळी होणारे वाद पाहिले की जनगणनेच्या गुप्त नोंदीपासून ही पद्धत किती दूर गेली आहे हे ध्यानात येते.

याचा परिणाम उत्तरांवर झाल्यावाचून राहत नाही. लाभ कुटुंबागणिक असेल तर एका वाड्यात राहणारे भाऊ वेगवेगळी चूल दाखविण्याकडे कलतात. कच्चे घर हा निकष असेल तर पक्की भिंत सांगितली जात नाही. यास केवळ अप्रामाणिकपणा म्हणणे अपुरे आहे. पंढरी कराच्या काळात माग लपविण्यात हित होते, आज उणीव दाखविण्यात हित आहे; नोंदणाऱ्याचा हेतू ओळखून उत्तर देण्याची कुटुंबाची रीत मात्र जुनीच आहे.

८. तालुक्याचे मौन

नमुना पाहणीची एक मर्यादा तालुक्याच्या अभ्यासकास विशेष जाणवते. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत देशभर ८,७२३ गावे व ६,११५ नागरी गट मिळून २,६१,७४६ कुटुंबांची माहिती घेण्यात आली. महाराष्ट्राचा दरमहा दरडोई सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,०१० रुपये व शहरी भागात ६,६५७ रुपये निघाला. राज्यासाठी हा अंदाज भक्कम आहे. परंतु देशातील कुटुंबांच्या तुलनेत नमुना हजारी सुमारे एक इतकाच पडतो. उमरेड शहराच्या वाट्यास या प्रमाणाने दहा-बारा कुटुंबे येतील. प्रत्यक्षात कुटुंबे गटवार निवडली जात असल्यामुळे एखादा गट निवडला जाईल किंवा एकही जाणार नाही. अशा संख्येवरून उमरेडविषयी कोणतेही विधान करता येत नाही.

राज्याखालोखाल नमुना पाहणीचे विभाग असतात. नागपूर जिल्हा वर्धा, अमरावती, अकोला, बुलढाणा आदी जिल्ह्यांबरोबर एका विभागात, तर शेजारचे भंडारा व चंद्रपूर हे दुसऱ्या विभागात मोडतात. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडील उमरेडचा खाण, शेती व विणकरीचा संमिश्र व्यवहार बुलढाण्यापर्यंत पसरलेल्या विभागाच्या सरासरीत विरून जातो. महाराष्ट्राचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय केंद्राच्या नमुन्याबरोबर राज्याचा नमुनाही घेते आणि जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते. समालोचनात तालुकावार शाळा, दवाखाने, सिंचन, पतसंस्था यांचे आकडे मिळतात. पण ते प्रशासकीय नोंदींवरून आलेले असतात. घरातील खर्च, कर्ज वा आजार यांविषयी ते बोलत नाहीत.

या दिशेने काही सुधारणा झाल्या आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून जिल्हावार अंदाज दिले. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीनेही जिल्हा हा मूळ स्तर धरण्यास आरंभ केला. तालुका मात्र अजूनही या चौकटीबाहेर आहे. दुसरीकडे आधारसंच जुना होत गेला. २०२१ ची जनगणना न झाल्यामुळे निवडीसाठी २०११ चीच यादी वापरावी लागली. नव्या वस्त्या वाढलेल्या आणि जुन्या वस्त्या ओसरलेल्या ठिकाणी ही उणीव अधिक जाणवते.

जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाने मराठा व खुल्या प्रवर्गातील कुटुंबांचे राज्यव्यापी सर्वेक्षण केले. अल्प मुदतीत, मोबाईल उपयोजनाच्या साहाय्याने, शिक्षक व इतर कर्मचाऱ्यांकडून ते पार पडले. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार येणाऱ्या जनगणनेचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा असून तीत जातींचीही गणना व्हावयाची आहे. १९३१ नंतर प्रथमच जातीचा रकाना सर्वांसाठी गुप्ततेच्या कायद्याखाली भरला जाणार आहे. या रकान्यातील उत्तराशी भावी लाभाची अपेक्षा जोडली गेली आहे, हे मात्र १९०१ पेक्षा वेगळे वास्तव आहे.

९. निष्कर्ष

(१) नागपूर प्रदेशातील घरोघरच्या मोजणीचा प्रवास करापासून जनगणनेकडे, जनगणनेपासून नमुना पाहणीकडे आणि तेथून लाभार्थी गणनेकडे झाला. पहिल्या व शेवटच्या टप्प्यात ‘कोण’ हा, तर मधल्या दोन टप्प्यांत ‘किती’ हा प्रश्न प्रधान होता.

(२) १९६१ ते १९७१ मधील स्त्री-कामकऱ्यांची घट आणि १९७१ ते १९८१ मधील अनुसूचित जमातींची वाढ ही दोन्ही उदाहरणे व्याख्येच्या वा कायद्याच्या बदलाचा प्रभाव दाखवितात. कालमालिका तयार करणाऱ्या संशोधकाने आकड्याआधी अनुसूची वाचणे अगत्याचे आहे.

(३) नमुना पाहणीतून निघालेल्या संख्येस लाभार्थी यादीची कमाल मर्यादा बनविणे हे पद्धतिशास्त्रदृष्ट्या सदोष आहे. राज्यपातळीवरील अंदाजाची त्रुटी त्यामुळे सीमेवरील कुटुंबांवर जाऊन पडते. ज्यांची नावे त्या कुटुंबांत होती, त्यांच्यासाठी तिचे मोल धान्य आणि घर असे होते.

(४) गुप्ततेच्या हमीखाली दिलेले उत्तर आणि लाभाच्या अपेक्षेने दिलेले उत्तर एकाच मोलाचे मानता येत नाही. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मांडताना हा भेद नमूद केला पाहिजे.

(५) तालुक्याविषयी आज याद्या उपलब्ध आहेत, पण स्थितीचे विश्वसनीय मापन उपलब्ध नाही. ही पोकळी शासकीय यंत्रणा लवकर भरून काढील असे चिन्ह नाही. तालुक्याच्या ठिकाणची महाविद्यालये येथे भरीव कार्य करू शकतात. नमुना पाहणीच्याच व्याख्या व संदर्भ कालावधी वापरून, यादृच्छिक निवडीची शिस्त पाळून आणि गुप्तता राखून अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास विभागांनी दर काही वर्षांनी आपल्या तालुक्याची पाहणी केली, तर उमरेडसारख्या गावाला प्रथमच स्वतःविषयी असा आकडा मिळेल की ज्यावरून कोणाचे नाव खोडले जाणार नाही. त्या आकड्याच्या आधारे वरून येणाऱ्या संख्येची तपासणीही करता येईल.